खिडकीची किंमत

जेवणाच्या टेबलावर प्लास्टिकचं कापड,
त्यावर हिंदी महासागर.
मुबारकनं ऑफिसातून छापून आणलाय,
चार कागद चिकटपट्टीनं जोडलेले,
आणि माहे बेट नेमकं सांध्यावर आल्यामुळे
त्याचे दोन तुकडे झालेत.

दहा रात्री, सहा बेटं.
मी कोकम सरबताचा पेला मालदीववर ठेवला
तर म्हणाला, उचल, बुडेल.

बाहेर शारजातला जुलै.
रोल्यामागच्या या सहाव्या मजल्यावर
काचेला बोट लावलं तर चटका बसतो,
आणि नळाचं थंड पाणी
चहाला अर्धं उकळून आलेलं असतं.
आम्ही मात्र ठरवतोय,
पोहायचा पोशाख किती नेऊया, एक की दोन.

वहीत मी दोन रकाने आखलेत.
एकात दिरहम, दुसऱ्यात ‘बघू’.
दुसराच भरत चाललाय.
घरभाड्याचा तिसरा चेक. बघू.
तहूराची फी. बघू.
दाभोळला सासूबाईंचा गुडघा,
तो ईदनंतर करायचा ठरलाय,
कुठल्या ईदनंतर ते मी विचारलेलं नाही.

तहूरा विचारते, जहाजावर वायफाय असतं का?
तिच्या हिशेबी बेट म्हणजे
जिथं नेट नाही अशी कुठलीही जागा.

खोल्यांच्या यादीत आतली सगळ्यात स्वस्त.
खिडकी नाही, बाकी सगळं तेच,
तोच पलंग, उशीवर तेच चॉकलेट.
माणशी अठराशे वाचतात, मी म्हटलं,
झोपायलाच तर जायचंय तिथं.

तो बोलला नाही.
माहेच्या दोन तुकड्यांना पेन्सिलीनं शिवत बसला.
मग म्हणाला,
नाइफला होतो ना मी, सुरुवातीला,
आठ जण, चार दुमजली खाटा.
खिडकी होती तशी,
पण तिच्यावर कपाट लावलेलं.
सकाळ कपाटामागेच व्हायची.
आम्ही घड्याळाचं ऐकायचो.

नाइफ मला माहीत होतं.
आठ जण, साडेतीन वर्षं, डाळीच्या पाळ्या,
सगळं तोंडपाठ.
अकरा वर्षांच्या संसारात
कपाट आज पहिल्यांदा आलं.

फोन लावला अन्वरला.
माझा मावसभाऊ, अशाच एका जहाजावर
धोबीखान्यात आहे.
म्हटलं, अरे, बेटं कशी आहेत?
हसला. एकवीस झाली बघ आपा,
सगळ्यांची वाळू ओळखतो मी.
चादरीतून येते ना.
एकाची पिठासारखी,
एकाची शेंगदाण्याच्या कुटासारखी, ती मशीन तुंबवते.
आणि समुद्र?
तो भिंतीपलीकडे. ऐकू येतो चांगला.
आमची खोली पाण्याखाली पडते.
मग जरा थांबून,
तुम्ही खोली कुठली घेताय?

स्पीकर चालू होता.
मुबारकनं रबर घेतला
आणि माझा ‘आतली’ हा शब्द खोडला,
कागद फाटेस्तोवर.

बाल्कनी घेतली तर दहा रात्रींच्या पाच होतात.
सहातली तीन बेटं गाळावी लागतात.
कुठली तीन, यावर आम्ही
रात्री साडेबारापर्यंत भांडलो,
जणू ती आमच्याच नावावर होती.
त्याला नारळ हवे होते, मला कासवं.
नारळ तर दाभोळलाही आहेत, मी म्हटलं.
कासवंही आहेत, तो म्हणाला, वेळासला, मोफत.
हे दोघांनाही ऐकायचं नव्हतं.

पैसे अजून भरलेले नाहीत.
त्याची रजा मॅनेजरच्या खणात, तारखेवाचून.
वहीत ‘बघू’ची पाच पानं झाली.

सकाळी टेबल पुसायला गेले,
तर मालदीवच्या जरा खाली
पेल्याच्या ओल्या कडीनं शाई फुटून
एक गोल, जांभळट बेट उगवलंय,
कुठल्याच जहाजाच्या वाटेवर नसलेलं.
तहूरा आमच्याआधी उठली असणार.
तिनं त्याला स्केचपेननं
एक खिडकी काढलीये.
उघडी.